नुसतं डाउनलोड केलं तर खरंच जेल होते का? आणि व्हायला पाहिजे का?

२०१६ च्या ऑगस्टमधे एक मेसेज खूप फिरला होता, आठवत असेल. बंद केलेली एखादी साइट उघडायला गेलं की स्क्रीनवर यायचं की ही यूआरएल सरकारच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने ब्लॉक केलेली आहे, आणि इथलं काही बघणं, डाउनलोड करणं, दाखवणं किंवा त्याच्या कॉप्या काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. लगेच बातम्या आल्या, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुटले की आता नुसतं बघितलं तरी आत जाल. एवढी वर्षं झाली तरी ती भीती लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही, आणि दुसरीकडे असेही भरपूर लोक आहेत ज्यांना वाटतं की नेटवर मिळतंय म्हणजे ते सगळ्यांचंच आहे. दोन्ही चूक आहे. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहावं की कायदा नेमकं काय म्हणतो, तो मला कुठे पटतो आणि कुठे अजिबात पटत नाही.

आधी त्या मेसेजचंच बघू. मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांचा दावा चालू होता, त्यात हा विषय निघाला, आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं की बेकायदा कॉपी नुसती बघणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, गुन्हा आहे तो अशी कॉपी वाटण्यात, परवानगीशिवाय लोकांना जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात. ते 'बघणं, डाउनलोड करणं' वालं वाक्य मेसेजमधून काढून टाका असं त्यांनी सांगितलं. पण फॉरवर्ड एकदा सुटला की सुटला, कोर्टाने काय सांगितलं ते किती जणांपर्यंत पोचलं असेल? मला वाटतं फारच थोड्या.

आता मूळ कायदा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, २०१२ मधे त्यात मोठे बदल झाले. त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. ज्याने पुस्तक लिहिलं, गाणं केलं, सिनेमा काढला, सॉफ्टवेअर बनवलं, त्याला (किंवा त्याने ज्याला हक्क विकले त्याला) काही गोष्टींचा एकट्याचा हक्क असतो, त्यातल्या आपल्या कामाच्या दोन. एक म्हणजे त्याच्या कॉप्या काढणं, आणि दुसरी म्हणजे ती वस्तू लोकांपर्यंत पोचवणं. बाकी कुणी हे परवानगीशिवाय केलं की कॉपीराइटचा भंग झाला.

म्हणजे बघणं आणि डाउनलोड करणं यात फरक पडतो. डाउनलोड केलं की तुमच्या फोनमधे एक नवी कॉपी तयार झाली, आणि कॉपी काढायचा हक्क तुमचा नव्हता. पण कायद्यातच कलम ५२ आहे, त्यात सवलती दिल्यात. स्वतःच्या खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी, संशोधनासाठी, टीका किंवा परीक्षण लिहिण्यासाठी वाजवी वापर केला तर तो भंग धरत नाहीत. (सॉफ्टवेअरला ही खाजगी वापराची सवलत नाही हे लक्षात ठेवा, तिथे नियम वेगळे आहेत.) मग खाजगी वापरासाठी आख्खा सिनेमा उतरवला तर चालतं का? इथे सगळा जोर 'वाजवी' या शब्दावर आहे, म्हणजे किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्याने मालकाच्या विक्रीवर परिणाम होतो का. एखाद्या पुस्तकातलं एक प्रकरण अभ्यासाला उतरवून घेतलेल्या मुलीची बाजू भक्कम आहे, आणि कालच आलेला आख्खा सिनेमा उतरवणाऱ्याची बाजू बरीच लंगडी आहे, पण मधे जो मोठा पट्टा उरतो त्याबद्दल कायदा सरळ काही बोलत नाही. मूळ फाइलच चोरीची असेल तर खाजगी वापराची सवलत लागू होते की नाही, हे कलम ५२ मधे स्पष्ट लिहिलेलं नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे. देशातले करोडो लोक रोज जे करतात त्याबद्दल कायद्याने स्पष्ट बोलायला नको का?

टॉरेंटचं मात्र वेगळं समजून घ्या कारण इथे खूप लोक न कळत अडकतात. टॉरेंटमधे फाइल एका सर्व्हरवरून येत नाही, तिचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि ज्या ज्या लोकांकडे ते तुकडे आहेत त्यांच्याकडून ते तुमच्याकडे येतात, आणि तुमच्याकडे एखादा तुकडा आला की लगेच तुमचं मशीन तो दुसऱ्याला द्यायला लागतं. तुम्हाला वाटतं मी फक्त घेतोय, पण तुम्ही त्याच वेळी वाटताय सुद्धा, आणि तुमचा आयपी ॲड्रेस (म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा ओळख नंबर) त्या झुंडीतल्या सगळ्यांना दिसत असतो. डाउनलोड संपल्यावर प्रोग्रॅम चालू ठेवून झोपलात तर रात्रभर वाटप चालू. म्हणजे खाजगी वापराची जी काही ढाल होती ती इथे गळून पडते, कारण लोकांपर्यंत पोचवणं सुरू झालं. ज्या मुलाला सेटिंगमधे अपलोड नावाची गोष्ट आहे हेच माहीत नाही तो कायद्याच्या नजरेत वाटप करणारा ठरतो. त्याला आणि दहा साइट्स चालवून जाहिरातींवर पैसे छापणाऱ्याला एकाच कलमात बसवणं मला पटत नाही.

आणि बसवलंय खरंच एकाच कलमात. कलम ६३. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड कमीत कमी ५०,००० रुपये, जास्तीत जास्त दोन लाख. (मेसेजमधे तीन लाख लिहिलं होतं, या कलमात तो आकडा नाही.) धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण त्यासाठी निकालात खास कारणं लिहून द्यावी लागतात. म्हणजे दया हा अपवाद, आणि सहा महिने हा नियम.

आता हे शेजारी ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात साध्या चोरीचं कलम ३०३ आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा काय? समाजसेवा. जेल नाही. दुकानातून ४०० रुपयांचं पुस्तक खरोखर उचलून नेलं, ते दुकानदाराकडून कायमचं गेलं, तर समाजसेवा, आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर कायद्याची सुरुवात सहा महिन्यांपासून. पीडीएफ टाकणं निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, उलट एक पीडीएफ हजार जणांकडे जाते हे मला चांगलं माहीत आहे, त्यावर पुढे येतोच. पण पहिल्यांदा चुकलेल्या सामान्य माणसासाठी चोरीच्या कायद्यात जी खिडकी ठेवली ती इथे का नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

लोक म्हणतात, अरे पण पकडतंय कोण, आजूबाजूला कुणाला सिनेमा डाउनलोड केला म्हणून जेलमधे गेलेलं बघितलंय का? नाही बघितलं, खरंय. पण त्यामुळे कायदा न्याय्य ठरत नाही, उलट जास्त धोक्याचा होतो. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निट प्रो इंटरनॅशनलच्या केसमधे ठरवलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते आणि जामीन हक्क म्हणून मागता येत नाही. ज्या कलमात अर्धं कॉलेज बसू शकतं आणि जे सहसा कुणाला लावलं जात नाही, ते कलम कुणाला लावायचं हे मग मर्जीवर राहतं. ज्याच्यावर दुसऱ्याच कारणाने राग आहे त्याचा लॅपटॉप तपासला की काम झालं. असा कायदा मला नको वाटतो.

बाहेरच्या देशांत याचे प्रयोग होऊन गेलेत, त्यातून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत २००३ पासून म्युझिक कंपन्यांनी सरळ सामान्य लोकांवर दावे लावायला सुरुवात केली. तिथल्या कायद्यात नुकसान सिद्ध करावंच लागत नाही, प्रत्येक गाण्यामागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. मिनेसोटातल्या एका बाईंवर २४ गाण्यांची केस झाली. २००७ मधे ज्युरीने (निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) २,२२,००० डॉलर लावले, मग फेरसुनावणी झाली आणि २००९ च्या ज्युरीने १९,२०,००० डॉलर लावले, जजला स्वतःलाच ते इतकं भयंकर वाटलं की त्यांनी ते ५४,००० वर आणलं, मग २०१० मधे तिसरी ज्युरी, १५ लाख डॉलर, ते पुन्हा कमी, आणि शेवटी २०१२ मधे अपील कोर्टाने परत २,२२,००० कायम केले. तेव्हा एक गाणं विकत घ्यायला साधारण एक डॉलर पडायचा. चोवीस डॉलरचा माल, आणि तीन ज्युऱ्यांनी तीन वेगळे आकडे काढले, एवढंच बघितलं तरी कळतं की त्या कायद्यात मोजमाप नावाची गोष्टच नव्हती. असे हजारो दावे लावून झाल्यावर कंपन्यांनी २००८ च्या शेवटी नवे दावे लावणं थांबवलं. डाउनलोडिंग थांबलेलं नव्हतंच.

फ्रान्सने दुसरा रस्ता घेतला. २००९ मधे हादोपी नावाचा कायदा आणला, पहिल्यांदा ईमेलने इशारा, मग रजिस्टर पत्र, आणि तिसऱ्यांदा नेटच बंद. मूळ कायद्यात एका सरकारी संस्थेलाच नेट तोडायचा अधिकार दिला होता, पण तिथल्या घटना परिषदेने सांगितलं की आजच्या काळात नेट हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, न्यायाधीशाशिवाय ते तोडता येणार नाही. २०१३ मधे सरकारने ती नेट तोडायची शिक्षाच काढून टाकली. एका कनेक्शनवर आख्खं घर असतं, आईचं ऑफिस, मुलांचा अभ्यास, आजोबांची बँक, आणि कुणी काय उतरवलं हे आयपी ॲड्रेस सांगत नाही, तो फक्त कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. त्या कायद्याखाली पहिला दंड झालेल्या माणसाने कोर्टात सांगितलं होतं की गाणी बायकोने उतरवली होती, तरी दंड त्यालाच झाला कारण कनेक्शन त्याच्या नावावर होतं.

मला सगळ्यात पटतो तो कॅनडाचा बदल. २०१२ मधे त्यांनी सरळ दोन कप्पे केले. धंद्यासाठी केलं असेल तर प्रत्येक कलाकृतीमागे २०,००० डॉलरपर्यंत, आणि धंद्यासाठी नसेल तर सगळं मिळून १०० ते ५,००० डॉलर, कितीही गाणी असोत. मालकाचा हक्क मान्य केला, चूक ती चूक म्हटलं, पण घरच्या माणसाचं आयुष्य बरबाद होणार नाही याची वरची रेघ आखून दिली. आपल्याकडे हे करायला अडचण काय आहे? कलम ६३ मधे 'धंद्यातल्या फायद्यासाठी' हे शब्द आधीच आहेत, ते फक्त अपवादातून उचलून मुख्य वाक्यात आणायचे आहेत.

आता दुसरी बाजू, आणि ही मी जीव तोडून सांगणार आहे. मागे एका ग्रंथप्रदर्शनात एका छोट्या प्रकाशकांशी बोलत उभा होतो. त्यांनी फोन काढून त्यांच्याच नव्या पुस्तकाची पीडीएफ दाखवली, कुणीतरी मोबाईलवर एकेक पान स्कॅन केलेली, काही पानं तिरकी, एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला. ती फाइल त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आली होती, खाली चार जणांनी हात जोडले होते, एकाने 'खूप सुंदर पुस्तक, अजून असतील तर टाका' लिहिलं होतं. मराठीत छोट्या प्रकाशकाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची असते हो. लेखकाला त्यातून जी रॉयल्टी येते त्यात महिन्याचा किराणाही धड येत नाही. हिंदी सिनेमाचं थोडं नुकसान झालं तर ओटीटी आहे, सॅटेलाइटचे हक्क आहेत, गाण्यांचे वेगळे पैसे आहेत, पण या माणसाकडे फक्त ते पुस्तक आहे. दिवाळी अंकांचं तेच, जाहिराती आणि विक्री यावर कसाबसा अंक निघतो आणि आठवड्याच्या आत पीडीएफ फिरायला लागते. त्यामुळे 'पायरसीने कुणाचं काय बिघडतं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बिघडतं. आणि जितका माणूस लहान तितकं जास्त बिघडतं.

पण मग या प्रकाशकांना कायद्याचा उपयोग काय झाला? काही नाही. ते पोलिसात जाणार का सोसायटीतल्या शेजाऱ्यावर केस करायला? वकील लावायचे पैसे कुठून आणणार? कोर्टातून साइट्स बंद करून आणणं हे मोठ्या स्टुडिओंना जमतं. कायदा कागदावर भयंकर कडक आहे, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात तो येतच नाही. न्याय्य कायदा म्हणायचा तर छोट्या माणसाला स्वस्तात, घरबसल्या तक्रार करता आली पाहिजे, आणि टाकणाऱ्याला त्या पुस्तकांची किंमत आणि वर थोडा दंड भरायला लागला पाहिजे. तीन वर्षांच्या कैदेपेक्षा तीन हजार रुपयांचा खात्रीने होणारा दंड लोकांना जास्त कळेल असं माझं ठाम मत आहे. २०१९ मधे दिल्ली हायकोर्टाने एका मोठ्या निकालात सरकारला असंच काहीसं सुचवलं होतं, की बघणाऱ्यांना आधी ईमेलने किंवा पॉप-अपने इशारा द्या आणि तरी ऐकलं नाही तर दंड लावा. तो निकाल लोकांच्या लक्षात राहिला तो दुसऱ्या भागासाठी, एका साइटवर बंदी घातली की तिची नाव बदलून आलेली भावंडंही नवा दावा न लावता बंद करता येतील यासाठी.

कारण आपल्याकडे खरा कायदा चालतो तो ब्लॉकिंगमधून. सिनेमा येण्याआधी निर्माते कोर्टात जातात, अनोळखी लोकांविरुद्ध आदेश घेतात (आपल्याकडे त्याला अशोक कुमार ऑर्डर म्हणतात, म्हणजे नाव माहीत नसलेल्या कुणाविरुद्धही), आणि साइट्सची यादी नेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे जाते. ती यादी तपासतं कोण? २०१२ मधे मद्रास हायकोर्टाच्या अशाच एका आदेशानंतर कंपन्यांनी आख्ख्या साइट्स बंद करून टाकल्या, व्हिमिओ ही व्हिडिओंची साइटसुद्धा, मग कोर्टाला सांगावं लागलं की फक्त ठरावीक लिंक बंद करा. २०१४ मधे फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी दिल्ली हायकोर्टात ४७२ साइट्सची यादी आली, त्यात गूगल डॉक्स होतं! नंतर ती २१९ वर आली. आणि २०१७ च्या ऑगस्टमधे तर इंटरनेट आर्काइव्ह ही आख्खी ऑनलाइन लायब्ररीच बंद झाली, दोन सिनेमांसाठी अडीच हजारांवर साइट्सची यादी दिली होती त्यात तीही होती. मराठी वाचणाऱ्यांना तिथला साठा माहीत असेल, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आज तिथेच सापडतात, दुकानात नाहीत, बऱ्याच लायब्ररीतही नाहीत. सिनेमा वाचवायला लायब्ररीला कुलूप लावलं, आणि लायब्ररीला आधी विचारलंसुद्धा नाही. न्या. पटेल यांनी २०१६ मधे आग्रह धरला होता की नेमक्या लिंक द्या, त्या तपासून द्या, आणि मेसेजमधे केसचा नंबर टाका म्हणजे ज्याची साइट चुकून बंद झाली त्याला दाद कुठे मागायची ते कळेल. एवढं सगळीकडे केलं तरी पुष्कळ अन्याय टळेल.

बरं, खूप लोक डाउनलोड करतात कारण ती गोष्ट दुसरीकडे मिळतच नाही, आणि कायदा याचा विचार फार कमी करतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मधे गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं, विकिस्रोतवर आहे, खुशाल उतरवा, वाटा, छापा. पु. ल. २००० मधे गेले, म्हणजे त्यांचं २०६० संपेपर्यंत राहील, आणि ती पुस्तकं दुकानात मिळतात, त्यामुळे ती विकतच घ्यावीत. पण ज्यांची पुस्तकं १९७० मधे एकदा छापली, आवृत्ती संपली, प्रकाशन बंद पडलं, वारस कुठे आहेत पत्ता नाही, त्यांचं काय? विकत घ्यायची कितीही इच्छा असली तरी विकणारा कुणी नाही. कायद्यात कलम ३१ क आहे, लेखक सापडत नसेल तर पुस्तक छापायचं लायसन्स मागता येतं, पण त्यासाठी देशभर खपणाऱ्या इंग्रजी पेपरात जाहिरात द्यायची आणि मग रीतसर अर्ज, सुनावणी. तालुक्याच्या गावातलं वाचनालय एका जुन्या कथासंग्रहासाठी हे करेल? मग कुणीतरी स्कॅन करून टाकतो, आणि तो कायद्याने गुन्हेगार. माझ्या मते अशा माणसाने मराठीवर उपकार केलेले असतात.

संशोधनाचे पेपर हा याच्यातलाच पण वेगळा प्रकार. लिहिणारे प्राध्यापक फुकट लिहितात, तपासणारे फुकट तपासतात, आणि वाचायला मात्र जबर पैसे. असे पेपर फुकट देणाऱ्या साय-हब या साइटवर परदेशी प्रकाशकांनी २०२० मधे दिल्ली हायकोर्टात दावा लावला आणि २०२५ मधे ती ब्लॉक करायचा आदेश झाला. त्याच्या थोडं आधी, जानेवारी २०२५ पासून सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स सरकारी कॉलेजांना खुली केली. पैसे भरपूर गेले, पण निदान विद्यार्थ्याला वाट मिळाली. खाजगी कॉलेजातला पोरगा आणि स्वतःच्या बळावर अभ्यास करणारा माणूस अजून बाहेरच आहे. विद्यार्थ्यांची बाजू कोर्टाने एकदा ऐकली होती, २०१६ मधे, दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी केस केली होती तेव्हा. दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शिकवण्यासाठी लागणाऱ्या भागांचे संच झेरॉक्स करून देणं कायद्यातच बसतं, कॉपीराइट हा काही निसर्गाने दिलेला किंवा देवाने दिलेला हक्क नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कलम ६३ मधली किमान कैद धंदा करणाऱ्यांपुरतीच ठेवा. पैसे न कमावता वाटणाऱ्याला आधी इशारा आणि मग दंड, आणि तो दंड सरकारजमा न होता त्या लेखकाला, त्या प्रकाशकाला मिळू दे. आवृत्ती संपून दहा-पंधरा वर्षं झालेल्या पुस्तकांसाठी वाचनालयांना एका साध्या अर्जावर स्कॅन करून ठेवायची परवानगी द्या, वारस पुढे आले तर त्यांना पैसे द्या. आणि साइट बंद करण्याआधी ती यादी एखाद्या माणसाने डोळे उघडून तपासू दे.

तोपर्यंत तुमच्या ग्रुपवर पीडीएफ आली तर पुस्तक दुकानात मिळतंय का तेवढं बघा. मिळत असेल तर फॉरवर्ड करू नका, प्रकाशकाचा नंबर पहिल्या पानावरच असतो, फोन केला तर बहुतेक जण पोस्टाने घरी पाठवतात.